कानबाईपुढे काळा मुखवटा

धुळ्यातील आमच्या गल्लीच्या कानबाईपुढे, म्हणजे श्रावणात एका रात्रीपुरत्या येणाऱ्या आमच्या खानदेशी देवीपुढे, वाजविण्याचा मान तोतारामच्या ब्रास बँडकडे त्याच्या वडिलांपासून चालत आलेला होता. १९९२ च्या श्रावणात तो मान जाण्याच्या बेतात आला. दोंडाईच्याचा एक बँड हातगाडीवर विजेचा कीबोर्ड मांडून वाजवू लागला होता, आणि त्या पेटाऱ्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या सनईने आमच्या तरुण मंडळींना ब्रह्मानंद होत होता. त्यांनी तोतारामला बजावले, यंदा काही नवीन ऐकव, नाहीतर पुढल्या वर्षी दोंडाईचा. अखेरचा शब्द मात्र केसरबाईंचा. निरोपाच्या दिवशी कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन पांझरा नदीपर्यंत जाण्याचा मान त्यांचा होता, आणि देवी ज्यांच्या मस्तकावर बसते त्यांच्यापुढे तरुण मंडळींची जीभ फारशी वळत नसे.

तोताराम माझ्याकडे आला. शाळेत मी त्याला संस्कृत शिकविण्याचा यत्न केला होता. त्या यत्नाला फळ आले नाही, पण त्याचा आदर टिकला.

"गुरुजी, तालमीले चला. पुनानी नवीन चीज आनी शे."

पुना हा त्याचा धाकटा भाऊ, क्लॅरिनेट वाजविणारा. त्याची सासुरवाडी जळगावची. तेथे त्याने एक इंग्रजी चित्रपट पाहिला होता, आणि त्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची कॅसेट मेव्हण्याच्या टेपवरून आपल्या टेपवर उतरवून आणली होती.

"कसला चित्रपट?" मी विचारले.

"काळा मुखवटावाला हिरो शे, गुरुजी. रातले गच्चीवर हुभा ऱ्हास. हाऊ दुसरा भाग. पहिलापेक्षा यामा अंधार जास्ती शे."

"पहिल्या भागात तो काय करतो?"

"जिंकस."

"आणि दुसऱ्यात?"

"जिंकस, पन रडस."

"त्याला कमी काय आहे?"

"काहीच नही. मोठा बंगला शे, गाडी शे, बठ्ठं शे. पन सुख नही."

म्हणजे एक श्रीमंत गृहस्थ मुखवटा घालून गच्चीवर रुसून उभा राहणार, आणि त्याच्या त्या रुसव्यासाठी साहेबाच्या देशात शेकडो वादक घाम गाळणार! आमच्या शास्त्रकारांनी भयानक हाही रस मानला आहे. परंतु त्याला काही आलंबन हवे, काही कारण हवे. येथे कारण एकच दिसत होते, की पहिल्या भागाला गर्दी झाली होती.

पुनाने टेप लावला. आधी मोठे कर्णे मंद्रात घोरू लागले. मग शेकडो तंतुवाद्ये एकाच वाक्याचा पुन्हापुन्हा घोष करू लागली, जणू परीक्षेत एकच उत्तर पाठ केलेला विद्यार्थी कोणत्याही प्रश्नाला तेच लिहीत आहे. नंतर एक वृंद अर्थहीन आकार लावून ओरडला. अर्थ नसला की गांभीर्य येते, असा त्या रचनाकाराचा समज असावा. मी संयमाने ऐकत होतो.

इतक्यात काही विलक्षण घडले. सर्व वाद्यांचा आवाज एकदम खाली सरकू लागला. लय जड झाली, सूर विहिरीत दोर सोडावा तसे खोल खोल गेले, थकले, आणि थांबले. काही काळ पूर्ण शांतता. मग सारा वाद्यमेळ दचकून पुन्हा पहिल्या पट्टीत उभा राहिला.

"हे काय?" मी विचारले.

"सस्पेन्स, गुरुजी," पुना म्हणाला.

"अरे, माझ्या टेपचे सेल उतरतात तेव्हा भजन म्हणणाऱ्या बाई अशाच पाताळात जातात. तुझ्या मेव्हण्याचा टेप सेलवर होता ना?"

"व्हता. तेन्ही मधमा सेल बदल्या. पन तेना काय संबंध?" पुना खरोखरच दुखावला गेला. "मोठी मानसं शेतस ती. त्यासना सेल उतरतीन का?"

यापुढे वाद संपला. बँडमधील सर्वांनी ती चीज कानांनी उचलली, कारण त्यांची विद्या कानांचीच आहे. जे ऐकले ते वाजविले, एक मात्राही न गाळता. सेलचे उतरणेही त्यांनी विलक्षण निष्ठेने आत्मसात केले, आणि मेव्हण्याने नवे सेल घालीपर्यंतची शांतताही. त्या वेळी तोताराम काठी वर धरून स्तब्ध उभा राहत असे व बाकीचे वाद्ये ओठांना लावून श्वास रोखीत. मी एवढेच म्हणालो, "तोताराम, हे कानबाईपुढे नको. ती माहेराहून निघालेली आई आहे. तिच्यापुढे गच्चीवरचा रुसवा कशाला?"

"गुरुजी, जुनं वाजाडं तर बँड जाई, नवं वाजाडं तर तुम्ही रागे भरशात. बँड गया तर मी काय करू?"

मी घरी आलो.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. केसरबाईंच्या मस्तकावर चौरंग, त्यावर हिरवे वस्त्र नेसलेली, नथ ल्यालेली देवी, भोवती फुगड्या घालणाऱ्या बाया, आणि पुढे तोतारामचा बँड मुखवटेवाल्याचे दुःख आळवीत होता. मागे दुसऱ्या गल्लीची कानबाई व तिच्यापुढे दोंडाईच्याचा कीबोर्ड. तरुण मंडळी कर्ण्यांच्या घोरण्यावर खूश होती. मी मारुतीच्या ओट्याशी उभा राहून हे पाहत होतो आणि मनातल्या मनात देवीची क्षमा मागत होतो.

मग चिजेतला तो उतार आला. सूर खाली जाऊ लागले. केसरबाईंची पावले सुरांबरोबर पडत होती. ती जड झाली, ओढली जाऊ लागली, आणि सूर थांबले तेथे त्याही थांबल्या. त्यांच्या मानेची शीर ताठली.

"देवी जड व्हयनी!" त्या ओरडल्या. "थांबा बठ्ठा! मायले जावानं नही!"

त्या शांततेत तोतारामची काठी वर होती, वादकांचे श्वास कोंडलेले होते, आणि बायांचे हात आपोआप जुळले होते. फुगडी घालणाऱ्या लीलाबाई रडू लागल्या. "माय, काय चुकनं वं आमनं?" कोणी ओटी पुढे केली, कोणी हळदकुंकू वाहिले. आणि मग मेव्हण्याचे सेल बदलले गेले. सारा बँड एकदम उसळला, केसरबाईंची पावले हलकी झाली, आणि "कानबाई माता की जय" अशी आरोळी उठली.

बँडने बसविलेली नवी चीज ती एकच होती, म्हणून ती पुन्हा वाजली, आणि चौकात देवी पुन्हा जड झाली. मीही मिरवणुकीमागे चालू लागलो. पांझरेच्या काठी तर ती अशी जड झाली की केसरबाईंना दोन्हीकडून बायांनी धरले. मागे दोंडाईच्याचा कीबोर्ड खोळंबून एकामागून एक गाणी बदलीत होता. कोणी वळूनही पाहिले नाही.

निरोप झाल्यावर ओल्या पदराने केसरबाई माझ्याकडे आल्या. "गुरुजी, तुम्ही शिकेल मानूस. माय तठेच कशी जड व्हये?"

तोतारामने माझ्याकडे पाहिले. पुनाने नदीकडे.

"तिला जायचे नव्हते," मी म्हणालो. "दुसरे काय असणार?"

"तेच म्हनस मी. या बँडले तिन्हं मन समजस." त्या तरुण मंडळींकडे वळल्या. "दोंडाईचावालासले सांगी द्या, पुढला साल बी तोतारामच."

माझे मन काही त्या संगीताविषयी निवळले नाही. कर्ण्यांचे घोरणे घोरणेच होते, आणि तो वृंद निरर्थकच ओरडत होता. पण त्या शांततेत जे उभे राहिले होते ते मी पाहिले होते, आणि त्याच्याशी साहेबाचा काडीचाही संबंध नव्हता.

पंधरवड्याने तोताराम माझ्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, मागे पुना खाली मान घालून.

"गुरुजी, घात व्हयना. पुनानी जळगावहून कंपनीनी कॅसेट आनी. तिन्हामा तो उतारच नही! थांबनं बी नही. सरळ वाजत जास. आम्ही सेल उतरेल वाजाडं, गुरुजी!"

"मी सांगितले होते."

"आते सुधारी लेतस. चूक ती चूक. आठ दिन तालीम करसूत, पुढला साल बरोबर वाजाडसूत."

मी कॅसेट हातात घेतली. वेष्टणावर तो मुखवटेवाला पावसात उभा होता, अर्थात गच्चीवर, अर्थात रुसलेला.

"तोताराम, तुला बँड ठेवायचा आहे ना?"

"ठेवाना शे."

"मग यातले काय सुधारायचे ते सुधार. ते कर्णे काढून टाक, तो ओरडणारा वृंद काढून टाक, हवे तर सारेच काढून टाक. पण तो उतार आणि ती शांतता, यांना हात लावशील तर खबरदार."

"पन गुरुजी, ते तर त्या साहेबनं नही."

"म्हणूनच," मी म्हणालो, आणि कॅसेट पुनाच्या हाती परत दिली.