पातळ झालंय

हेमावतीच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटायच्या आत सापडला होता. सोलापूरच्या रुग्णालयात मांडीतून नळी घालून तिथे स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, बसवली आणि चौथ्या दिवशी ती आपल्या पायांनी दुधनीला, आपल्या गावी, परत गेली. अशा रुग्णांची पहिल्या तीस दिवसांची नोंद त्या रुग्णालयात उत्कर्षा ठेवत असे. दहाव्या दिवशी तिने हेमावतीच्या घरी फोनही केला होता.

एकोणिसाव्या दिवशी हेमावतीला उचलून आणले. उजवा हातपाय लुळा, वाचा गेलेली. जाळीत रक्ताची गुठळी झाली होती. सकाळी उठवायला गेल्यावर घरच्यांच्या लक्षात आले. तोवर मेंदूचा डावा भाग बराचसा गेला होता.

"रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या चालू होत्या ना?" उत्कर्षाने हेमावतीच्या नवऱ्याला, बसवराजला, विचारले.

"तुमचा फोन आला त्या दिवसापासनं बंद केल्या की."

"माझा?"

"अंगावर काळेनिळे डाग उठलेत म्हणालो मी. तुमी म्हणालात, घाबरू नका, रक्त पातळ झालंय म्हणून."

हेच शब्द. तिला आठवले. दूध तापले की गॅस बंद करतात. रक्त पातळ झाले म्हणजे गोळ्यांचे काम झाले, असे समजून बसवराजने तेवढेच केले होते. गोळ्या चालूच ठेवा, असे ती म्हणाली नव्हती. 'औषधे चालू' या रकान्यात मात्र तिने न विचारताच बरोबरची खूण केली होती.

"लई हुशार आमचे दाजी," हेमावतीचा भाऊ सिद्रामप्पा भिंतीकडे बघत म्हणाला. "डॉक्टरांनी सहा महिने लिहून दिलेलं. यांनी धा दिवसांत उरकलं."

"चूक माझी आहे," उत्कर्षा म्हणाली. "मी अर्धवट बोलले."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. तुमी कशाला अंगावर घेता? गोळ्या माज्या हातानं कपाटात ठेवल्या मी." मग बसवराजने विचारले, "बोलंल का हो ती?"

स्कॅन तिने पाहिला होता. "बहुधा नाही."

"बहुधा म्हंजे किती दिवस धरायचे?"

सिद्रामप्पानेही मान वळवली. आता दोघे तिच्याकडे बघत होते.

"दिवस धरू नका," ती म्हणाली. "नाही बोलणार."

बसवराजने मान डोलावली, आणि तेच कानडीत हेमावतीला सांगावे की नाही, हे उत्कर्षालाच विचारले.