मीठ लिहिलेला डबा

मी मिठाचा डबा बोलतोय. म्हणजे माझ्या अंगावर तसं लिहिलंय हो, निळ्या शाईत. पोटात मात्र सात वर्षं साखर होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण कुणी माझ्याकडे बघून केली असती तरी मी तक्रार केली नसती.

जन्माने मी बिस्किटांचा. कारखान्यात माझ्या झाकणावर घोडागाडीचं चित्र छापलं, तेव्हा वाटलं, आपण एखाद्या दिवाणखान्यात मिरवणार. नशिबात आलं एका घड्याळजीचं दोन खोल्यांचं घर. बिस्किटं त्याने दोन दिवसांत फस्त केली आणि तिसऱ्या दिवशी बायकोला विचारलं, "अगं, बिस्किटं कुणी संपवली?" घरात तेव्हा माणसं दोनच होती.

मालकीणबाईंनी मला धुऊन ठेवलं. आधी सुया-दोरे, मग लेकीचे खडू, मग मीठ. हे लेबल तेव्हाचं. पण मिठाने माझं बूड खायला घेतलं. गंजाचा पहिला ठिपका दिसला तसं बाईंनी मीठ एका काचेच्या बरणीत हलवलं. बरणीला लेबल लावायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. स्वयंपाकघरात वावरणारा हात त्यांचा एकटीचा, आणि तो डोळे मिटूनही बरोबर बरणीवर पडायचा.

पुढे घड्याळजीच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. याने शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आला आणि उभ्या उभ्या दोन चमचे साखर तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी साखर माझ्या पोटात आली, बाईंच्या चहापुरती. त्याने शोधायला घर पालथं घातलं. कपाटाचे खण झाले, गादीखाली झालं, शिलाई मशीनसुद्धा सोडलं नाही. मिठाच्या डब्याला मात्र हात लावला नाही. मिठाबद्दल बोलायचं, एवढंच त्याचं काम.

ते तो नेमाने करायचा. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि न्यायाधीशाने निकाल द्यावा तसं म्हणायचं, "मीठ जरा कमीच." एकतीस वर्षं हेच. एकदा तर घास तोंडात जायच्या आधीच निकाल लागला. बाई जेवण सोडून उठायच्या, मीठ आणून वाढायच्या. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. ही तर आवडती होती, तरी अळणीच.

यंदा बाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आल्या त्या निम्म्या होऊन. आणि अन्नच नको म्हणू लागल्या. दोन घास, की तोंड भिंतीकडे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही, तर परत भरती करावं लागेल." ते ऐकून बाई कधी नव्हे ते रडल्या. म्हणाल्या, "मला तिथे परत नका नेऊ." घड्याळजी म्हणाला, "नाही नेणार." कशाच्या जोरावर म्हणाला, देव जाणे.

जेवण खानावळीतून यायचं. स्टीलचा तीनमजली डबा, तोरा केवढा! आत तेलाचा तवंग. बाई झाकण उघडताच नाक दाबायच्या. गुरुवारी तोही आला नाही, कारण खानावळीचा स्वयंपाकीच पोट बिघडून झोपला होता. यावर मी काही बोलत नाही.

दुपारी बाराला घड्याळजी स्वयंपाकघरात शिरला. पाणी प्यायला नव्हे, स्वयंपाक करायला. फळीवरचे आम्ही सगळे डबे श्वास रोखून बघत होतो.

घरात होतं काय? कालचा वाटीभर भात, कोंब आलेले दोन बटाटे, मान टाकलेलं एक गाजर, एक कांदा, दगडासारखं लिंबू. त्याने लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सोपं आहे बाबा. कांदा परता, बटाटा-गाजर टाका, पाणी घालून मऊ शिजवा, मग भात घालून घोटा. मीठ चवीनुसार."

"चवीनुसार म्हणजे किती?"

"अंदाजाने हो."

"अंदाजाने घड्याळ चालत नाही, बाळा."

"बाबा, आईने एकतीस वर्षं अंदाजानेच चालवलंय," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग जे घडलं ते बघायला नशीब लागतं. त्याने डोळ्याला भिंग लावलं. बटाट्याचे कोंब चिमट्याने एकेक उपटले. गाजराच्या चकत्या अशा कापल्या, की कुठल्याही घड्याळात बसवाव्यात. कांद्याने मात्र त्याचा बंदोबस्त केला. डोळ्यांतून धारा लागल्या, तसं त्याने भिंग काढून खिशात टाकलं. नेमकं तेव्हाच.

कारण पुढची पाळी माझी होती. त्याने फळीवर नजर फिरवली. बिनलेबलच्या बरणीकडे संशयाने पाहिलं आणि ती सोडून दिली. माझ्यावरचं लेबल वाचलं, समाधानाने मान हलवली. वाचता येणाऱ्या माणसाला डोळे वापरावे लागत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकलो. ओरडावंसं वाटलं, अरे बाबा, दाणे बघ, जिभेवर तरी टेकव! पण पत्र्याला आवाज फुटतो तो खाली पडल्यावरच, आणि मला फळीवर घट्ट बसवलेलं.

"जन्मभर मीठ कमी खाल्लंय," तो स्वतःशी म्हणाला, "आज हात आखडायचा नाही." आणि चार चमचे घातले.

चव बघितली नाही. पहिला घास तिचाच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. इतकं प्रेम उतू चाललं होतं, आणि त्या प्रेमापायीच सगळा घोटाळा होणार होता. मला त्याचा राग आला आणि कीवही. बाईंचा शुक्रवार माझ्या पोटातून त्या पातेल्यात गेला होता.

त्याने पलंगापाशी वाटी नेली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. बाईंनी घास घेतला. थांबल्या. कांद्याबटाट्याचा तो शिरा गिळला.

"अहो, मीठ कशातलं घातलंत?"

"मिठाच्या डब्यातलं. का गं?"

बाईंचा चेहरा आधी वाकडा झाला, मग त्यांना हसू फुटलं. टाक्यांवर हात दाबून त्या हसत सुटल्या. "अगं आई गं... हसवू नका हो, दुखतंय." मग डोळे पुसले, डोळे मिटले आणि त्याच्याच थाटात म्हणाल्या, "मीठ जरा कमीच."

त्याने चाखून बघितलं. कळायला वेळ लागला. मग कळलं ते सगळंच कळलं. "सात वर्षं? सात वर्षं माझ्यापासून तिथे लपवलीस?"

"लपवली कुठे? समोर फळीवर होती. सात वर्षांत एकदा जरी स्वतः मीठ घ्यायला उठला असतात, तर सापडली असती."

घड्याळजीची मान खाली गेली. खोलीत भिंतीवरची चार घड्याळं तेवढी बोलत राहिली. मग तो उठला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, मीठ आणायला उठला. बाईंनी आतून सांगितलं, "ती बिनलेबलची बरणी. आणि लिंबू पिळा वरून, बराच." गोड, खारट, आंबट असं ते काहीतरी बाईंनी चमच्याचमच्याने अख्खं वाटीभर खाल्लं. तो समोर बसून बघत होता आणि आता डोळ्यांत कांदा नव्हता. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, भरतीची गरज नाही.

आता दर गुरुवारी तो घरात असेल त्यातून काहीतरी रांधतो. खाण्याजोगं होतं, असं बाई म्हणतात. त्यांचा स्वभाव पहिल्यापासून दयाळू. माझं जुनं लेबल खरवडून त्याने सुबक अक्षरात नवं चिकटवलं आहे: 'साखर, फक्त हिच्यासाठी'.

तुम्हाला एकच विनंती. जेवणाला नावं ठेवायची असतील तर ठेवा, पण एकदा उठून फळीवरचे डबे उघडून बघा. आपल्या घरात काय कुठे असतं, ते आजारपणाची वाट न बघता कळलेलं बरं.

माझं काय, मी आता म्हातारा झालो. परवा भरदुपारी, बाई पडल्या असताना, घड्याळजी पाय न वाजवता आला. इकडेतिकडे पाहिलं, माझं झाकण काढलं आणि चमचाभर तोंडात टाकलं. आणि वाकड्या तोंडाने तो नळाकडे धावला.

आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "का हो, मीठ कमी आहे का?"

बूड पुन्हा गंजायला लागलंय माझं. पण तक्रार नाही. खाल्ल्या मिठाला जागतोय.