डाव्या कमरेचा टक

खरं तर हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. शीलाताईंच्या लेकीने, यशोधराने, परवा माझ्या कानाशी लागून बजावलंय, "तू बघितलंस ते कोणालाही सांगायचं नाही हं." माझे कान नुसते घडवलेले, ओठ रंगाने मिटवलेले, म्हणून तिचा माझ्यावर एवढा विश्वास. पण त्या दिवसापासून माझ्या आत काहीतरी सारखं दचकतंय. तेव्हा मी, शीलाताईंच्या शिवणखोलीतली फायबरची पुतळी, आज बोलणार आहे.

माझा जन्म साच्यातला. उल्हासनगरात कॅम्प दोनच्या एका कापडाच्या दुकानासाठी मला टेम्पोतून आणलं आणि उतरवताना हातातून सोडलं. डावी कंबर दोन बोटं आत गेली. दुकानदाराने मला जिन्याखाली केरसुण्यांजवळ उभं केलं. तिथून शीलाताई मला मागून घेऊन आल्या. रिक्षात त्यांनी मला शेजारी बसवलं, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इनको भी सवारी गिनूं क्या?" शीलाताई क्वचित हसतात. त्या दिवशी हसल्या.

विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या दोन खोल्यांपैकी आतली माझी. शीलाताई शिवलेली नऊवारी करतात. परकरासारखी चढवायची, हूक लावायचे, की झालं. पण त्यांच्या साडीचं खरं गुपित आत आहे. काष्ट्याच्या आतल्या बाजूला त्या एक तिरकी कळी, म्हणजे जास्तीच्या कापडाचा त्रिकोणी तुकडा, घालतात. त्यामुळे बाई मांडी घालून बसली तरी काष्टा ओढत नाही. ही कळी त्यांनी कितीतरी कापड वाया घालवून शोधली. साडी उलटी करून त्या कोणालाच दाखवत नाहीत. गिऱ्हाईक आलं की आधी साडी सुलटी करतात, मग दार उघडतात.

उलटी साडी बघणारं दुसरं माणूस एकच, गयाबाई. त्या पलीकडच्या चाळीत राहतात. तुरपाई आणि हूक त्यांच्याकडे. पिशवी घेऊन येतात, दारातूनच "जयभीम ताई" म्हणतात, चहा पितात आणि काम घरी घेऊन जातात.

दोन हजार नऊच्या दिवाळीत विक्रांतमामा आला. हा शीलाताईंचा धाकटा भाऊ, अंबरनाथला कंपनीत आहे. त्याने नवा मोबाईल घेतला होता आणि जुना कॅमेऱ्याचा मोबाईल यशोधराला दिला. "ताई, आता बोर्ड लावून धंदा होत नाही. व्हिडिओ काढा, नेटवर टाका. ऑर्कुटवर सगळी लग्नाची पोरं-पोरी पडलेली असतात."

पहिला व्हिडिओ त्यानेच काढला. मी मध्ये, शेजारी शीलाताई. त्या बातम्या दिल्यासारखं बोलल्या, "आमच्याकडे सर्व मापांत शिवलेली नऊवारी मिळेल." यशोधराने तो स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन टाकला. आठवडाभरात तो अकरा वेळा बघितला गेला. त्यातल्या नऊ वेळा तिनेच.

"कोण बघणार?" विक्रांतमामा म्हणाला. "पुतळी उभी, आणि ताई पुतळीपेक्षा ताठ!"

"मग तूच नेस आणि नाच," शीलाताई म्हणाल्या.

यशोधरा नववीत आहे. वर्गात हात वर करायची वेळ आली तरी ती आधी घाम पुसते. पण मोबाईल हातात आला की तिचे डोळे बदलायचे. उजेड कुठून येतो, कापड कुठे चमकतं, पहिल्या पाच सेकंदांत काय दिसलं की माणूस थांबतो, हे ती वहीत लिहून ठेवायची. दुसऱ्या व्हिडिओत तिने नुसते हात दाखवले, हूक लावणारे. तो जरा चालला. खाली कोणीतरी लिहिलं, "बसल्यावर फाटणार नाही कशावरून? आतून दाखवा."

त्या रविवारी शीलाताई बदलापूरला, कुळगावात एका नवरीची साडी द्यायला गेल्या. यशोधराने दार लावून घेतलं. माझ्या अंगावरची नमुन्याची साडी काढली, उलटी केली आणि पुन्हा मला चढवली. मला वाटलं, माप घेतेय. मग तिने मोबाईल समोर धरला आणि कळीजवळ नेला, इतका जवळ की टाकेसुद्धा मोजता यावेत. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

तो व्हिडिओ चालला. असा चालला की शीलाताईंचा फोन दुपारी जेवू देईना. पनवेलहून फोन, डोंबिवलीहून फोन. "यशू, तुझ्या व्हिडिओने कमाल केली गं," असं म्हणून त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "कुठला चालला? हातांचा?"

"हो," यशोधरा म्हणाली.

एवढा लहान शब्द मी कधी ऐकला नव्हता.

महिन्याभराने शीलाताई बाजारातून आल्या त्या चपला न काढताच आत शिरल्या. हातात पिशवी. त्यातली नऊवारी त्यांनी मशीनवर टाकली. एका दुकानात अशा साड्यांची रांगच टांगलेली होती म्हणे. "दीदी, नया कट है, बैठने में खिंचता नहीं," असं विकणाऱ्याने त्यांनाच सांगितलं. त्यांच्याच कळीची तारीफ त्यांनाच!

त्यांनी निरोप पाठवून गयाबाईंना बोलावून घेतलं.

"गयाबाई, माझी कळी बाहेर गेली कशी?"

"कसली कळी, ताई?"

"आता कसली म्हणून विचारता? ही साडी उलटी दोघींनीच बघितलीय. एक मी..."

शीलाताईंनी वाक्य काही पुरं केलं नाही. मग गयाबाईंनी कमरेची सुयांची डबी काढून मशीनवर ठेवली. "दहा वर्षं तुमचे हूक लावतेय मी. आता हा एक माझ्याच गळ्यात अडकवा," त्या म्हणाल्या आणि चहा तसाच टाकून गेल्या.

यशोधरा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. तिने तोंड उघडलं. मिटलं. मी वाट बघत राहिले.

तेवढ्यात मशीनवरची ती साडी घसरून उलटी पडली आणि मला धक्का बसला. साडीच्या डाव्या बाजूला आतून एक टक मारलेला होता. कापड चिमटून घातलेली छोटीशी शिवण. तो टक माझा होता! माझी डावी कंबर बसकी, म्हणून नमुन्याच्या साडीला शीलाताईंनी तिथे तो मारलाय, फक्त माझ्यापुरता. गिऱ्हाइकाच्या एकाही साडीला तो नसतो. गयाबाईंच्या हातून गेलेल्या एकाही साडीत तो नाही. नमुन्याची साडी त्यांच्याकडे कधी गेलीच नाही. तो दिसला फक्त त्या व्हिडिओत. नक्कल करणाऱ्यांनी कळीबरोबर माझा पोचासुद्धा उचलला होता. बाजारातल्या एवढ्या बायका आता माझ्या कमरेच्या साड्या नेसून फिरणार, आणि त्या डावीकडे ओढल्या जाणार!

रागाच्या भरात शीलाताईंना तो दिसला नाही. यशोधराला दिसला. तिचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला. त्याच संध्याकाळी तिने सायबर कॅफेत जाऊन व्हिडिओ काढून टाकला आणि परत येऊन माझ्या कानाशी लागली.

आज तिसरा दिवस. गयाबाईंच्या घरी उरलेल्या चार साड्या होत्या. हिशेब तोडायला शीलाताईंनी त्यांना बोलावलंय. बाजारातली साडी माझ्या अंगावर चढवून त्यांना दाखवणार आहेत. मला माहीत आहे, ती मला बरोबर बसेल. सुरकुतीसुद्धा पडणार नाही. मग शीलाताईंचा हात डाव्या कमरेवर थांबेल आणि त्यांना सगळं समजेल. पण ते समजण्याआधी पोरीने बोलायला हवं. पकडलं जाणं वेगळं आणि सांगणं वेगळं. माझं तुमच्याकडे दुसरं काही मागणं नाही. घरात अशी गप्प पोर असेल तर तिला एकदा तरी विचारा, आणि विचारून झाल्यावर जरा थांबा.

बाहेरच्या खोलीत पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. आज "जयभीम ताई" ऐकू आलं नाही.

"यशू! पुतळी बाहेर आण गं. गयाबाई आल्यात."

यशोधरा आत आली. तिने मला कमरेत धरलंय. हात घामाने ओले आहेत. आता ती माझ्या कानाशी वाकली. "मीच सांगते. आधी मी बोलणार, मग आई तुला साडी नेसवेल. तू नुसती शेजारी उभी राहा."

उभी तर मी राहीनच, जन्मभर तेच केलंय. पण आता उंबऱ्यापाशी येताना पहिल्यांदाच मला वाटतंय, की ही पोर आज खरंच बोल...

"यशू, आणतेस ना?"