धूर दिसला पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे, आणि खरे सांगायचे तर आता बोलायचाही कंटाळा येतो. भंडारा जिल्ह्यात एकोडीजवळच्या एका राइस मिलमध्ये मी १९७२ पासून उभा आहे. भिजवलेले धान माझ्या वाफेवर उकडायचे, पटांगणात वाळवायचे आणि मग कांडायचे, असा तिथला उसना, म्हणजे उकडा तांदूळ. माझ्या पोटात विस्तव पेटतो तेव्हा कुठे तो भात तुमच्या ताटात पडतो.

टिकाराम माझा फायरमन, म्हणजे माझी भट्टी पेटती ठेवणारा. तो दर दसऱ्याला मला झेंडूचा हार घालायचा. मालक मारोतरावांना मात्र कौतुक माझ्या चिमणीचे. रोज सकाळी ते रस्त्यावर उभे राहून वर बघत. धूर काळा आणि दाट असला की मिल जोरात चालली, असा त्यांचा समज. शेतकरीही तेच मानत. दुरून धूर दिसला की धानाच्या बैलगाड्या आमच्याकडे वळत. म्हणून टिकाराम हवेचे दार अर्धे लावून ओली लाकडे कोंबायचा. गाडीभर लाकूड जळे, वाफ मात्र बेताचीच. माझ्या नळ्यांत काजळी बसली आणि त्याच्या छातीतही. दोन ओंडके टाकले की तो भिंतीला धरून खोकत बसे. मला फार वाईट वाटायचे, पण मी पडलो बॉयलर, करणार काय?

१९८३ साली नागपूरहून भोजराज नावाचे इंजिनियर आले. कारखान्यांना जळण वाचवायला शिकवणे हेच त्यांचे काम. काळा धूर म्हणजे न जळता उडून गेलेले लाकूड, हे त्यांनी मालकांना समजावले. माझ्या नळ्या खरवडून घेतल्या. वाफेच्या उघड्या पाइपाला माती आणि तुसाचा जाड लेप दिला. हवेचे दार उघडले. मिलमागे ढीगच्या ढीग पडून असलेले धानाचे तूस जाळायला माझ्या भट्टीत पायऱ्यांसारखी उतरती लोखंडी जाळी बसवली.

आठ दिवसांत लाकूड निम्म्यावर आले. धूर जेमतेम दिसू लागला, आणि तिथेच गाडे अडले. मिल बंद आहे असे समजून एकोडीच्या गाड्या पलीकडच्या मिलकडे गेल्या. मारोतराव तणतणत आले. हवेचे दार लाव आणि ओली लाकडे टाक, असे त्यांनी टिकारामला फर्मावले. त्याने मुकाट्याने दाराला हात घातला.

त्याची बायको रत्नाबाई बाहेर धान पसरवत होती. ती काम टाकून आत आली.

“मालक, तुमचा धूर साऱ्या गावाले दिसते,” ती टिकारामकडे बोट दाखवत म्हणाली. “यायच्या छातीतला मी कोणाले दाखवू?”

टिकारामला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना, आणि मारोतराव तिथेच उभे राहून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून हवेचे दार उघडेच राहिले आणि मिल सुरू झाली की धुराऐवजी माझी लांब शिटी वाजू लागली. ती ऐकून गाड्या परत आल्या.

पण उशीर झाला होता. अकरा वर्षांची काजळी माझ्या नळ्यांतून निघाली, टिकारामच्या छातीतून निघाली नाही. दोन वर्षांत त्याचे काम सुटले. आता कधीमधी तो येतो, दम घेत घेत नव्या फायरमनला विचारतो, “हवेचं दार उघडं हाये ना?”

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कारखाने चालवाल. विस्तवाला हवा द्या, नळ्या साफ ठेवा, जळण वाया घालवू नका. पण माझ्याआधी माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाकडे बघा. माझ्यात नव्या नळ्या बसवता येतात.