उंबऱ्याबाहेरचे पाणी

नागपूरच्या एका सर्वधर्म समन्वय परिषदेने मला करुणा शोधायला पाठवले होते. परिषदेच्या चिटणिसांची अशी खात्री होती की जगातले सगळे धर्म मुळाशी एकच गोष्ट सांगतात आणि रानात ती अधिक शुद्ध स्वरूपात सापडते, मधासारखी. धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यात माझी हयात गेली आहे. सगळे धर्म मुळाशी एकच गोष्ट सांगतात याबद्दल मलाही शंका नव्हती. ती गोष्ट कोणती, एवढाच आमचा मतभेद होता.

मुलचेऱ्याच्या आसपासच्या बंगाली वसाहतींत दुभाषी म्हणून मला शेफाली मंडल मिळाली. ती तिथल्या शाळेत शिकवत असे. जन्म निर्वासितांच्या छावणीतला, शिक्षण मात्र सगळे इथले. तिची मराठी माझ्या पुष्कळ विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ होती. मानधन ती नको म्हणाली. तिची अट एकच होती: वसाहती संपल्यावरही ती माझ्याबरोबर फिरणार आणि प्रत्येक गावात स्वतःचा एक प्रश्न विचारणार.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचे वडील, निताई मंडल, जाळ्याचे सूत आणायला अहेरीच्या बाजाराला निघाले होते. ते परत आले नाहीत.

"आई अजून हातात शंखाच्या बांगड्या घालते," ती म्हणाली. "नवरा गेल्याचं कळलं की त्या फोडायच्या असतात. कळलंच नाही, तर काय करायचं हे कुणी सांगत नाही. बाकीच्या बायका तिला सणाला बोलवत नाहीत, आणि विधवांमध्येही बसवत नाहीत. सर, ते सापडले नाहीत तरी चालेल, पण कळायला हवं."

"त्यांना मराठी येत होती?"

"दोन शब्द. 'किती' आणि 'कमी करा'." ती हसली. "बाजारापुरती पुरायची."

कोसमटोला हे गाव आमच्या वाटेत नव्हतेच. जीप तापली, आणि मे महिन्यातल्या त्या करपलेल्या दुपारी आम्ही पायी तिथे पोचलो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. अंगणांत पानांचे पुडे वाळत होते, आणि दूरच्या टेकडीवर वणव्याचा धूर संथपणे सरकत होता. गावात शिरताच मला जे दिसले त्याने कोणत्याही समन्वयवाद्याचे डोळे भरून आले असते: प्रत्येक घराच्या उंबऱ्याबाहेर मातीचे एक मडके, त्यावर उपडे ठेवलेले गाडगे. एकही घर त्याला अपवाद नव्हते.

माजी सरपंच हरिदासभाऊ वाढई आम्हाला गाव दाखवायला निघाले. त्यांनी अभिमानाने सांगितले, "पितराले पाणी, सर. आमच्या धर्मात आहे ते. तान्हेल्या जिवाले पाणी पाजणं, याहून मोठं पुण्य नाई."

किराणा दुकानाच्या ओट्यावरून सुलेमानभाई म्हणाले, "हमारे यहाँ भी वही बात है, साहब. प्यासे को पानी पिलाना बडे सवाब का काम. कुत्ता भी प्यासा रह गया तो जवाब देना पडता."

गोंड पुजारी पोचू मडावी यांनी फक्त "पेनाले," एवढेच सांगितले, म्हणजे देवाला, आणि पानांचा पुडा उलटून ठेवला.

वच्छलाबाई रामटेके बौद्ध वस्तीतल्या. पानांच्या फडावर बायकांची गणती त्यांच्याकडे असे, आणि जीभही त्यांचीच चाले. "पितर-बितर आमी छप्पन सालीच सोडले, सर. हरिदासभाऊले ठेवू द्या त्याईचे पितर, पुष्कळ आहेत त्याईच्याकडे. आमचं आपलं वाटसरूसाठी. मैत्री म्हणा, करुणा म्हणा."

"बाई, तुम्ही तर भाषणच करून राह्यल्या," हरिदासभाऊ म्हणाले.

"मंग? सरपंचकी सुटली तरी माइक तुमच्याच हाती ठेवाचा का?"

सगळे हसले. मीही हसलो. चार धर्म आणि एक मडके: परिषदेचे अख्खे स्मरणिकेचे पान माझ्या हाती आयते आले होते. पण अभ्यासकाला एक वाईट खोड असते, तो श्रद्धेपेक्षा भांड्याकडे आधी पाहतो. प्रत्येक गाडग्यावर धूळ होती. त्यातून कुणी कधी प्यायले असेल असे दिसत नव्हते. प्रत्येक छपराच्या वळचणीला ओले पोते लटकत होते. आणि दिवस बुडायला अजून घटका-दोन घटका होत्या, तरी बाया लेकरांना हाका मारून घरात घेत होत्या.

"हे पाणी सकाळी कुणाला देता?" मी विचारले.

"छपरावर फेकतो," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"वाटसरूसाठी आहे, तर संध्याकाळी दारं का लावता?"

हरिदासभाऊ टेकडीवरच्या धुराकडे पाहू लागले. मी माझ्या पुस्तकी सवयीने, आणि थोड्या खवचटपणानेही, म्हणालो, "हरिदासभाऊ, हे जल जर दानाचं असेल, तर..."

हरिदासभाऊंनी माझे मनगट धरले.

"सर, तो शब्द इथी नका काढू."

"कोणता? जल?"

सुलेमानभाईंनी दुकानाची फळी ओढली. पोचू उठून चालू लागले. शेफाली एकटीच हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती वच्छलाबाईंकडे पाहत होती.

"मी एक विचारणार होते," ती म्हणाली. "माझे वडील. म्हातारे, सावळे, खांद्यावर गमछा. सहा वर्षांमागच्या उन्हाळ्यात या बाजूनं आले असतील. कुणी पाहिलं का?"

वच्छलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग त्या म्हणाल्या, "आत या, बाई. सर, तुमीबी या. दिवस बुडाच्या आत या."

त्यांच्या घरात दारावरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली दाराला दोन कड्या, दोन्ही नव्या. कड्या लावल्यावरच त्यांनी सांगितले.

"त्या साली चोहीकून रान पेटलं होतं. दिवसा डोया उघडवत नोयता. असाच दिवस बुडत आलता आन् तो आला. धुरानं काळा, डोळे लाल, ओठ फाटलेले. पहिले हरिदासभाऊच्या दारात उभा राह्यला. घराकडे हात करे आन् म्हणे, जल. मंग सुलेमानभाईकडे. लेकरू होतं ओट्यावर, त्याच्याकडे पाहून म्हणे, जल. रान पेटलेलं, बाई, आन् हा घराले जल म्हणे, लेकराले जल म्हणे, माह्याकडे पाहून म्हणे जल! जादूवालाच वाटला. समद्याईनं कड्या लावल्या. मी बी लावली."

हिंदी त्या मुलखात मराठीच्या मांडीला मांडी लावून बसते. 'जल' म्हणजे पेट, जळून जा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जल म्हणजे पाणी हे तिथे फक्त पूजेपोथीत; दारात उभे राहून कुणी तसे मागत नाही. आणि बंगालीत पाण्यासाठी जो शब्द आहे त्याचा स्वर 'अ' आणि 'ओ' यांच्या मधोमध कुठेतरी असतो; कोरड्या घशातून तो कोणत्याही बाजूला कलू शकतो. स्वराच्या त्या अर्ध्या बोटभर अंतरात एक माणूस मरून पडला होता. संस्कृतातून तो शब्द लहानपणापासून माझ्या ओळखीचा, म्हणून मला तो ताबडतोब कळला. पण तो सांगण्याचा अधिकार माझा नव्हता.

"मग?" शेफालीने विचारले. तिचा आवाज वर्गात हजेरी घेतानासारखा होता.

"सकाळी तो मोहाच्या झाडाखाली पडून होता. आमी कोणी वाईट नाई, बाई. समदे धावले. हरिदासभाऊनं तुळशीचं पान आणून तोंडात पाणी घातलं. सुलेमानभाईनं आंघोय घातली, कफनाचं कापड देल्लं. मी त्रिशरण म्हटलं. पोचूभाऊनं माती देल्ली, मोहाखालीच. कोणत्या धर्माचा आहे ते ठाऊक नोयतं, म्हणून समद्याईनं आपापलं केलं." त्या थांबल्या. "आठ दिवसांत हरिदासभाऊचा गोठा जळला. तवापासून तो येते. रोज याच वेळेले. पोचूभाऊ म्हणे, दारात पाणी ठेवा, आग लागणार नाई. पाण्यानं आग बांधली राह्यते. तसं ठेवून राह्यलो."

म्हणजे ते मडके पितरांसाठी नव्हते, देवासाठी नव्हते, वाटसरूसाठी तर मुळीच नव्हते. ते त्याच्याविरुद्ध होते. जो माणूस पाणी मागत होता त्याला अडवण्यासाठी ते गाव सहा वर्षे त्याच्यासमोर पाणी मांडत होते.

वच्छलाबाई उठल्या आणि देव्हारा नसलेल्या त्या घरात ग्रंथ ठेवायच्या कोनाड्यातून एक वस्तू घेऊन आल्या. बांबूची चपटी सुई, जाळे विणायची, वापरून गुळगुळीत झालेली. "त्याच्या मुठीत होती. फेकवली नाई मले."

शेफालीने ती घेतली, अंगठ्याने तिच्या टोकावरून हात फिरवला. तिथे एक खाच होती. तिला ती सापडली तेव्हा तिने डोळे मिटले.

बाहेर पाखरे एकदम थांबली. कुत्री घरांच्या भिंतींना चिकटली. आणि गावाच्या वरच्या टोकाला, हरिदासभाऊंच्या दाराशी, कुणीतरी एक शब्द उच्चारला.

मी पुरावा मानणारा माणूस आहे, म्हणून जे ऐकले तेवढेच लिहितो. आवाज मोठा नव्हता, रागाचा तर नव्हताच. शब्दानंतर शांतता होती, आणि कुणी आतून उठून दार उघडील अशी आशा धरून माणूस जितका वेळ थांबतो तितकाच वेळ ती टिकली. मग पावले. मग पुढचे दार. पुन्हा तो शब्द, पुन्हा ती शांतता. बंद कडीच्या आड हरिदासभाऊ मारुतीचे स्तोत्र घोकत होते. सुलेमानभाईंच्या घरातून कुराणातली आयत ऐकू येत होती. पोचूंच्या झोपडीत घुंगरू हलत होते, आणि माझ्या शेजारी वच्छलाबाईंच्या ओठांत पंचशील. सर्वधर्म प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत, इतकी एकमुखी कधीच नाही.

पावले आमच्या उंबऱ्याशी थांबली.

"जल," दारापलीकडून कुणी म्हणाले.

शेफालीने पहिली कडी काढली.

"नोको, बाई!" वच्छलाबाईंनी तिचा पदर धरला. "घर जळंल माह्यं!"

"जळणार नाही. वच्छलाबाई, ते शाप देत नाहीत. आमच्यात पाण्याला तसं म्हणतात." दुसरी कडी काढताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "ते पाणी मागतायत."

वच्छलाबाईंच्या हातून पदर सुटला. त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. तो हात मी ती खोली सोडेपर्यंत तिथून निघाला नाही.

दार उघडले. अंगणात संधिप्रकाश होता, पानांचे पुडे होते, माणूस नव्हता. पण मोहाच्या राखेचा, घामाचा आणि ओल्या सुताचा एक वास उंबऱ्याशी दाटला होता. शेफाली खाली वाकली. तिने गाडग्यावरची धूळ पदराने पुसली, मडक्यातून ते काठोकाठ भरले आणि दोन्ही हातांनी समोर धरले.

"जॉल खाओ, बाबा," ती म्हणाली. बंगालीत पाणी खातात.

तिचे हात किंचित खाली झुकले, कुणी पलीकडून भांड्याला ओठ लावावेत तसे. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. मग तिने गाडगे माझ्याकडे केले. ते रिकामे होते. जमीन कोरडी होती, तिचे हात कोरडे होते.

तिने ते परत भरले. दुसऱ्यांदाही ते रिकामे झाले. तिसऱ्यांदा भरले तेव्हा पाणी तसेच राहिले, आणि वास गेला.

सकाळी गावाने आम्हाला मोहाचे झाड दाखवले. हरिदासभाऊंनी हात जोडले, सुलेमानभाईंनी डोक्यावर रुमाल घेतला. कुणीतरी माफी मागायला सुरुवात केली. शेफालीने त्यांना थांबवले. "मला नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना 'पाणी घ्या' म्हणा. संध्याकाळी. दार उघडून." त्यांनी म्हटले की नाही, मला ठाऊक नाही. परिषदेने मडक्यांचे छायाचित्र छापले आणि खाली लिहिले: करुणेचा समान धागा. मी पाठवलेला मजकूर जागेअभावी वगळल्याचे चिटणिसांनी कळवले. त्यात एकच निष्कर्ष होता: त्या गावातल्या चार धर्मांत मला जे समान आढळले, ते लोखंडाचे होते आणि दाराला आतून लावलेले होते.

वसाहतीत शेफालीची आई दारातच बसली होती. मुलीच्या हातात बांबूची सुई तिने पाहिली. ती सुई घेतली, टोकाची खाच चाचपली, मांडीवर ठेवली. मग ती बंगालीत एकच वाक्य बोलली. दुभाषी न घेता ते मला समजले: जाताना त्यांना पाणी मिळालं होतं का?

शेफालीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली नाही.

"मिळालं, मा," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

आईने मान हलवली. मग तिने शंखाची बांगडी घातलेला उजवा हात पुढे केला, उंबऱ्याच्या दगडावर ठेवला, आणि मुलीकडे दुसरा दगड मागितला.