पुस्तकात नसलेलं प्रकरण

मनालीनं पुस्तक पुन्हा मागच्या पानापासून चाळायला घेतलं. या वेळी ती ओळी वाचत नव्हती, नुसते शब्द शोधत होती. धुकं, मोळी, घंटा. धुकं बऱ्याच ठिकाणी सापडलं. बैलांच्या घंटा तर पानोपानी वाजत होत्या. मोळी मात्र कुठंच नव्हती आणि मोळीवाली बाईही नव्हती.

तिनं पुस्तक मिटलं आणि त्यावर तळहात ठेवून बसून राहिली. किन्हवलीच्या त्या वाचनालयात दुपारी कुणी फिरकत नसे. बाहेर भात कापून झालेल्या खाचरांवर पिवळं ऊन पसरलेलं होतं आणि रचून ठेवलेल्या भाताच्या उडव्यांचा वास खिडकीतून आत येत होता.

पुस्तकाचं नाव 'घाटाखालचा तांडा'. लेखक अनंता, माळशेजच्या रस्त्यावरच्या वैशाखरे गावचा. कंपनीतली नोकरी संपल्यावर शेती बघता बघता त्यानं ही रहस्यकादंबरी लिहिली आणि स्वतःच छापून घेतली. जुन्या काळी घाट उतरून आलेला व्यापाऱ्यांचा एक तांडा बैलांसकट नाहीसा होतो आणि आजचा एक फौजदार त्याचा माग काढत रानोमाळ फिरतो, अशी गोष्ट. अशी पुस्तकं मनालीकडं टपालानं येत. कुठला प्रकाशक नाही, दुकानात जागा नाही, पेपरात दोन ओळी नाहीत. मनाली ती वाचायची आणि एका ऑनलाइन मासिकात दर महिन्याला त्यांच्याविषयी लिहायची. लिहिणाऱ्यांना तिचा धाक होता आणि भरवसाही होता, कारण ही बाई पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अनंताच्या फौजदाराविषयी तिनं परीक्षणात स्पष्ट लिहिलं होतं, की तो फार बोलतो. पण पुढं लिहिलं होतं, की एका प्रकरणासाठी हे पुस्तक घरात असावं. एक नवी सून मोळी घेऊन रानातून परतत असते. धुकं इतकं दाटतं की तिला आपलेच पाय दिसेनासे होतात. तेवढ्यात मागून बैलाच्या घंटेचा आवाज येऊ लागतो. कुणीतरी हातात घंटा धरून ती वाजवत चाललेलं असतं. हाक मारत नाही, जवळ येत नाही. हाक मारली तर ती बुजेल, म्हणून. ती थांबली की घंटा थांबते. पाड्यातला पहिला दिवा दिसतो तेव्हा घंटा उलटी वळते आणि लांब जात जात विरून जाते.

परीक्षण खूप जणांनी वाचलं. मग एका वाचकानं विचारलं, की मी पुस्तक मागवून वाचलं, हे प्रकरण कितव्या पानावर आहे?

आता मनालीला हळूहळू आठवू लागलं. त्या दुपारी जेवून ती इथंच, याच खुर्चीत वाचत बसली होती. डोळ्यांवर झापड येत होती. पान उलटल्याचं तिला पक्कं आठवत होतं, कागदाचा स्पर्शही आठवत होता. पण ते पान पुस्तकाचं नव्हतं. ते तिच्या झोपेचं होतं.

मासिक चालवणाऱ्या जगदीशला तिनं फोन करून सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, की पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायला हवी, नाहीतर तुझ्या शब्दाला किंमत उरणार नाही. तिलाही तेच वाटत होतं. फक्त लेखकाला आधी तोंडानं सांगावं, फोनवर नको, एवढंच ती म्हणाली.

रविवारी ती एस.टी.नं सरळगावला उतरली आणि तिथून जीप धरली. टोकावडं मागं पडलं तसा समोरचा डोंगर मोठा होत गेला. कड्यांच्या कमरेवर ढगांची एक पट्टी अडकलेली होती. जीपमध्ये सगळे पेंगत होते. मनालीला वाटलं, आपणही अजून त्याच दुपारच्या झोपेत आहोत आणि ही जीप आपल्याला पुस्तकाच्या आत घेऊन चालली आहे.

अनंता रस्त्यावर येऊन थांबला होता. उंच, जरासा वाकलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला. घराच्या ओटीवर त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला. त्याची बायको ताराबाई पाणी देऊन, चहा ठेवते म्हणून आत गेली. मनालीनं आढेवेढे न घेता सांगून टाकलं. माझा डोळा लागला, स्वप्न पडलं, ते मी तुमच्या नावावर लिहिलं. आता दुरुस्ती छापते. तुमच्या पुस्तकाला त्याचा त्रास होईल, त्याची मला लाज वाटते.

अनंता मान खाली घालून ऐकत होता. तुमचं वाचल्यावर आपणही चक्रावलो होतो, असं तो सांगू लागला. छापखान्यानं दुसऱ्या कुणाची पानं घातली की काय म्हणून पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मग हातानं लिहिलेले कागद काढून पाहिले. तरी गप्प राहिलो, म्हणाला. आणि आतल्या दाराकडं बघत त्यानं आवाज उतरवला.

"हिनं फोनवर वाचलं ते. माजं पुस्तक काय तिनं हातात धरलेलं नाय, पन ते वाचलं. दोन दिवस काय बोलली नाय. मग जेवताना इचारते, ते तुमी होतात का म्हून."

"म्हणजे?"

"लगीन झालं त्या वर्साला ती अशीच रानात गेली व्हती. धुक्यात घंटा आली व्हती मागनं. मला आजवर कदी बोललीच नाय ती. मी तवा कल्यानला कामाला, मॅडम. मी कुठला येतोय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हनलो नाय." तो बराच वेळ बोटांनी पायरीवरची माती सारखी करत राहिला. "नाय पन म्हनलो नाय."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. अंगणात एक कोंबडी भात टिपत होती. अनंता म्हणाला, की आमच्या संसारात भांडणं नव्हती, पण बोलणंही नव्हतं. बत्तीस वर्षं कंपनीच्या पाळीत गेली. आता तिला वाटतंय की एकदा तरी आपण तिच्या मागं होतो, तर तेवढं तिला वाटू द्या.

"ते दुरुस्तीचं राहू द्या," तो म्हणाला. "कोनी इचारलं तर ते प्रकरन मीच गाळलं म्हनून सांगीन. लोक मला खोटारडा म्हनले तर म्हनू देत."

तेवढ्यात चहा आला. मग ताराबाईनं वालाची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढली, जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. ती कमी बोलत होती, पण मधूनच मनालीकडं टक लावून बघायची, ओळखीचं कुणीतरी बऱ्याच वर्षांनी दिसल्यासारखं.

निघताना अनंता शेजारी काकडी आणायला गेला, किन्हवलीला घेऊन जा म्हणत. ताराबाई मनालीला सोडायला रस्त्यापर्यंत आली. दुपार कलली होती. दोघी आंब्याच्या सावलीत जीपची वाट बघत उभ्या राहिल्या.

"बाय, मी आयकलं आतून," ताराबाई म्हणाली. "पुस्तक मी वाचलंय. हे शेतावर गेल्यावर वाचायची. दोनदा वाचलं. त्यात नाय ते."

मनाली तिच्याकडं वळली.

"आनि घंटा कोनाची ते पन मला म्हाईत हाय. पाड्यावरचा नामा व्हता, म्हातारा. बैल शोधाया गेलेला. दुसऱ्या दिशी मी त्याला भाकर नेऊन दिली व्हती. लय भला मानूस. वारला कदीचा."

"मग तुम्ही यांना का विचारलंत?"

ताराबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला. नुसतं विचारलं, असं ती म्हणाली. वाचून वाटलं की कुणीतरी आपल्याला पाहिलं होतं, म्हणून तोंडातून निघून गेलं. हे नाही म्हणतील आणि ताटावरून उठतील, असंच तिला वाटलं होतं. पण नवरा गप्प बसला. त्याचा चेहरा बघून तिनं नामाचं नाव काढलं नाही.

"तवापासनं सांजचे शेतावर येतात. मी भारा घेऊन फुडं, हे मागं. बोलत काय नाय. पन येतात." तिनं रस्त्याच्या वळणाकडं पाहिलं. "तुमी ती दुरुस्ती छापू नका, बाय. त्यांना वाटतंय मला खरं वाटतंय. वाटू दे त्यांना."

पिशवीत काकड्या घेऊन अनंता झपझप येताना दिसला. तो पोचण्याआधी ताराबाई दोन पावलं बाजूला सरली आणि जीपला हात करू लागली. त्यानं पिशवी मनालीच्या हातात दिली, नमस्कार केला. दोघांनीही तिच्याकडं एकदम पाहिलं आणि दोघांनीही लगेच नजर काढून घेतली.

जीप सुटली. मनाली मागं वळून बघत होती. ती दोघं घराकडं न जाता शेताच्या पायवाटेला लागली होती. बाई पुढं, माणूस चार हातांवर मागं. उन्हात त्यांच्या सावल्या मात्र एकमेकींत मिसळल्या होत्या. वळणावर झाडी आडवी आली.

टोकावड्याच्या अलीकडं फोनला रेंज आली आणि लगेच जगदीशचा फोन आला. अंक लावायला घेतलाय, म्हणाला. दुरुस्तीचा मजकूर कधी देतेस?

"द्यायची नाही दुरुस्ती."

"का गं? अख्खं पुस्तक चाळलंस ना तू?"

"नीट वाचलं नव्हतं," मनाली म्हणाली.

"म्हणजे सापडलं ते प्रकरण?"

मांडीवरच्या पिशवीतून काकडीचा ओला, गारसर वास येत होता. तिनं ती दोन्ही हातांनी जवळ धरली.

"सापडलं," ती म्हणाली.