शिवम्माचा आड

पोहरा तळाला टेकल्याचा आवाज आला. शिवम्मानं दोर दोनदा झटकला आणि ओढायला लागली. वर आलं ते अर्धा पोहरा पाणी, पण आलं. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं महादेवाचं नाव घेतलं.

लातूरचा जिल्हा नवा झाला आणि दुष्काळात त्या जिल्ह्याचा टँकर मुरुडजवळच्या या गावात येऊ लागला. घरचे तेच पाणी पीत. शिवम्मा मात्र हट्टाला पेटलेली. गळ्यातल्या लिंगाला स्नान घरच्या आडाच्या पाण्याचंच, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. आड आटला त्या दिवसापासून अन्न बंद, असं तिनं लेकाला, बसवराजला बजावून ठेवलं होतं. म्हातारी बोलली की करायची.

पोहरा रिता करता करता ती सून महानंदाला आड-पोहऱ्याची ती म्हण ऐकवायची. रोख सगळा माहेरावर. महानंदाची आई गुरम्मा खालच्या आळीत एकटी राहायची. तिच्या घराला आड सोडा, धड उंबरा नव्हता. महानंदा ऐकून घेई आणि भाकरी थापत राही.

त्या पहाटे गुडघ्यानं झोप लागू दिली नाही. झुंजूमुंजू होताच शिवम्मानं मागचं दार उघडलं आणि ती दारातच थिजली. गुरम्मा डोक्यावरची कळशी उतरवत होती. महानंदानं ती पोहऱ्यात ओतली, पोहरा अलगद आडात सोडला आणि तळाशी कलंडवला.

"किती दिस झालं?"

दोघी दचकल्या. बोलली ती गुरम्मा.

"पाडव्यापासून. मी टँकरला नंबर लावते. पोरगी म्हनली, आत्याबाई उपाशी मरतील."

शिवम्मानं रित्या कळशीकडे पाहिलं. पाडव्यापासूनची पूजा, घास, मिरवणं, सगळं या बाईच्या कळशीवर. आणि टोमणेसुद्धा. तिला स्वतःची शरम वाटली. आता म्हातारी अन्न सोडणार, म्हणून महानंदाचा चेहरा पांढरा पडला होता.

शिवम्मानं दोर घेतला, पाणी ओढलं, महादेवाचं नाव मनातच घेऊन पूजा केली. मग सुनेला दोन ताटं वाढायला सांगितली आणि गुरम्माला हाताला धरून शेजारी बसवलं.

भिंतीपलीकडून पारूबाईनं विचारलं, "आज आवाज न्हाई आला शिवम्मा. आटला का आड?"

"हाव, आटला. पाडव्यालाच," शिवम्मा मोठ्यानं म्हणाली. "आता पोहऱ्यातून आडात येतंय."

आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला.